ल्युपसवरच्या नव्या उपचाराची बातमी खरी आहे, पण त्यासाठी जमीन विकू नका

खानापूर तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. त्याच्या बहिणीला, वय चोवीस, दोन वर्षांपूर्वी ल्युपस, म्हणजे शरीराची इम्युनिटी आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार, निघाला, आता किडनीवर पण आलाय, लघवीतून प्रोटीन जातंय आणि गोळ्या चालू आहेत. मोबाईलवर त्याने बघितलं की जर्मनीत एकाच इंजेक्शनात ल्युपस कायमचा बरा झाला आणि तसलंच औषध मुंबईला पण मिळतंय म्हणे. तर अर्धा एकर विकून तिकडं जावं का, आणि तोपर्यंत ह्या गोळ्यांनी तिचं तोंड सुजलंय, केस गळालेत, तर त्या बंद केल्या तर चालतील का, असं त्याने विचारलंय.

आधी थेट उत्तर देते, सविस्तर नंतर. बातमी खरी आहे. जमीन विकायची नाही. आणि गोळ्या बंद करायचा विचार आत्ताच्या आत्ता डोक्यातनं काढा, कारण ते नवीन औषध उद्या बेळगावात आलं तरी त्याचा खरा फायदा ज्याची किडनी तोवर शाबूत आहे त्यालाच होणार, माझं ह्या सगळ्यात मुख्य म्हणणं हेच आहे आणि ते का ते खाली सांगते.

मी बरीच वर्षं संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांचीच प्रॅक्टिस करते, बेळगाव शहरातले, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे, पलीकडनं चंदगडचे पण पेशंट येतात, आणि हल्ली "डॉक्टर, ह्यावर आता नवीन काय तर निघालंय म्हणे" हे रोज कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी असं विचारलं की मी विषय बदलायचे कारण सांगण्यासारखं फार नसायचं. आता तसं नाहीये, आता खरंच सांगण्यासारखं आहे.

ऑटोइम्यून म्हणजे काय ते दोन ओळीत. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला असतात, त्यातल्या बी पेशी अँटीबॉडी तयार करतात. ल्युपसमध्ये ह्या अँटीबॉडी जंतूंऐवजी आपल्याच पेशींच्या आतल्या गोष्टींवर, अगदी आपल्याच डीएनएवर तयार व्हायला लागतात आणि त्यांचे पुंजके किडनीच्या गाळणीत जाऊन अडकतात, तिथं सूज येते, गाळणी फाटल्यासारखी होते आणि प्रोटीन लघवीत उतरतं. दहात नऊ पेशंट बायका असतात, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या.

आता जर्मनीचं. एर्लांगेन नावाचं शहर आहे, तिथल्या विद्यापीठात डॉ. गेऑर्ग शेट आणि त्यांच्या टीमने २०२१ मध्ये एका वीस वर्षांच्या मुलीला कार-टी नावाचा उपचार दिला, तिचा ल्युपस कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता, किडनी गेलेली नव्हती पण चाललेली होती. ती सुधारली. मग २०२२ मध्ये पाच जणांचा रिपोर्ट आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ जणांचा, त्यात ८ ल्युपसचे, ३ स्नायूंच्या सुजेचे आणि ४ स्क्लेरोडर्माचे, म्हणजे कातडी आणि फुफ्फुस कडक होत जाणाऱ्या आजाराचे. ल्युपसचे आठच्या आठ रेमिशनमध्ये गेले, म्हणजे आजार शांत झाला, आणि पंधराच्या पंधरा जणांची इम्युनिटी दाबणारी औषधं बंद झाली, स्टिरॉइडसुद्धा. मी हा पेपर वाचला तेव्हा आकड्यांचा तक्ता परत परत बघितला, कारण आमच्या विषयात "सगळ्यांची औषधं बंद" हे वाक्य छापून येत नाही.

हे करतात कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे "एक इंजेक्शन" ह्या शब्दामागं काय आहे ते कळेल. पेशंटला मशीनला जोडून काही तास रक्त एका बाजूने काढतात, त्यातल्या टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, वेगळ्या करून बाकीचं रक्त परत सोडतात. त्या टी पेशी लॅबमध्ये जातात, तिथं निकामी केलेल्या व्हायरसच्या मदतीने त्यांच्यात एक नवीन जीन घालतात, त्यामुळं त्या टी पेशींना बी पेशींवरची सीडी१९ नावाची खूण ओळखता यायला लागते. मग त्यांची संख्या वाढवायची. तोपर्यंत इकडं पेशंटला केमोथेरपी देऊन, फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, शरीरात त्यांच्यासाठी जागा करायची आणि शेवटी ती पिशवी सलाईनसारखी शिरेतून चढवायची. ही चढवायची पायरी तेवढी व्हिडिओत दिसते. त्यानंतर ताप येतो, बीपी खाली जाऊ शकतं, कधी मेंदूवर परिणाम होऊन पेशंट गोंधळल्यासारखं बोलतो, म्हणून काही दिवस दवाखान्यात डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. त्या १५ जणांमध्ये हे बहुतेकांना हलकंच झालं हे खरं, पण पुढं आयसीयू तयार ठेवूनच करायचं काम आहे हे.

मग हे आमच्या नेहमीच्या औषधांपेक्षा वेगळं कसं? शेतकऱ्याच्या घरात सांगायचं तर हरळीसारखं आहे बघा, वरनं खुरपली की आठ दिवसात परत वर येते कारण मुळी खाली तशीच असते. रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन आम्ही बरीच वर्षं वापरतोय, ते पण बी पेशीच मारतं, पण रक्तातल्या जास्त आणि गाठींमध्ये, अवयवांच्या आत दडलेल्या कमी. कार-टी पेशी जिवंत असतात, स्वतः हिंडून आतपर्यंत पोचतात. साधारण तीन-चार महिन्यांनी बी पेशी परत आल्या त्या नव्या कोऱ्या, जुनी चूक न शिकलेल्या, आणि आजार काही परत आला नाही. ह्यालाच संशोधक रिसेट म्हणतात. अजून एक, मला फार महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जुन्या लसींच्या अँटीबॉडी बऱ्याचशा टिकून राहिल्या, कारण त्या बनवणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ची खूण नसते.

एवढं चांगलं असताना मी थांबा का म्हणतेय? कारण १५ पेशंट आणि मधला फॉलोअप साधारण सव्वा वर्षाचा. आमच्या विषयाने हे एकदा बघितलेलं आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं, म्हणजे आजच्या स्टिरॉइडचं पहिलं रूप, आणि चार-पाच दिवसात ती चालायला लागली. जगभर आनंदीआनंद झाला, दोनच वर्षांत, १९५० साली नोबेल पण मिळालं. नंतर हळूहळू दिसायला लागलं की तोंड सुजतंय, शुगर वाढतेय, हाडं ठिसूळ होतायत आणि औषध सोडलं की आजार दुप्पट उसळतोय. म्हणून स्टिरॉइड फेकून दिलं का? नाही. किती द्यायचं आणि कधी कमी करायचं हे शिकायला आम्हाला पुढची कितीतरी वर्षं गेली, आणि आज तेच औषध तुमच्या बहिणीची किडनी धरून आहे. कार-टीचं पण तेच, दहा वर्षांनी काय होतं ते बघायला दहा वर्षं जावी लागतात. कॅन्सरसाठी कार-टी घेतलेल्या काही मोजक्या लोकांत नंतर टी पेशींचाच कॅन्सर दिसला म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये औषधाच्या लेबलवर इशारा छापायला लावलाय. ज्याचा कॅन्सर जीव घेणारच आहे त्याने ती जोखीम घ्यावी, पण चोवीस वर्षांच्या पोरीला, जिला साध्या औषधांनी गुण येण्याची चांगली शक्यता आहे, तिला ती का द्यायची?

मुंबईचं म्हणाल तर नेक्सकार-१९ नावाची भारतीय कार-टी आहे, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. पण ती मंजुरी रक्ताच्या ठराविक कॅन्सरसाठी, ल्युपससाठी नाही. किंमत साधारण ३० ते ४० लाख. अमेरिकेत तसल्याच उपचाराला तीन-चार कोटी लागतात, त्या हिशोबाने हे मोठंच काम केलंय आपल्या लोकांनी, पण अर्धा एकर त्यात कुठं पुरणार, आणि पुरला तरी आज कुणी "ल्युपससाठी देतो, पैसे भरा" म्हणत असेल तर उठून बाहेर या.

तरीही मला आशा वाटते, आणि उगाच नाही वाटत. कारण कॅन्सरकडनं आमच्याकडं औषध येण्याची वाट जुनी आहे. तुमच्या गावात कुणाला तरी आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी चालू असेल, मेथोट्रेक्सेट. तिच्या आधीचं भावंड अमिनोप्टेरिन, ते अमेरिकेत काम करणारे आपले आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने बनवलं आणि १९४८ मध्ये लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर वापरलं गेलं. १९५१ मध्ये ते आमवातावर वापरून बघितलं, पण मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी एफडीएची मंजुरी मिळाली थेट १९८८ मध्ये. रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये कॅन्सरसाठी आलं, आमवातासाठी २००६ मध्ये, आणि २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती बाजारात आणली पण. कार-टीला कॅन्सरसाठी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२१ मध्ये ती ल्युपसवर वापरली गेली, म्हणजे ह्या वेळी चारच वर्षं लागली. वाट तीच, वेळ कमी कमी होत चाललाय. बहीण चोवीसची आहे, तिच्यापुढं भरपूर वर्षं आहेत, ह्यातलं काही ना काही तिच्या आवाक्यात येईल असं मी तिला समोर बसवून सांगेन.

आणि फक्त कार-टीच नाही. पेशी शरीराबाहेर न काढता आतल्या आतच कार-टी तयार करायचे प्रयोग चालू आहेत, ते जमलं तर खर्च एकदम खाली येईल. चीनमध्ये २०२४ मध्ये दुसऱ्या माणसाच्या, म्हणजे डोनरच्या पेशी बदलून तीन पेशंटना दिल्या, त्या आधीच तयार करून ठेवता येतात. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं ते तर ह्याच विषयाला, आपल्या शरीरात इम्युनिटीला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी असतात हे दाखवल्याबद्दल. साकागुचींचा मूळ पेपर १९९५चा. त्या आवरणाऱ्या पेशी वाढवून आजार शांत करायचा, सगळं मारून टाकायचं नाही, ही दिशा मला स्वतःला सगळ्यात जास्त पटते, जरी तिला वेळ लागणार असला तरी. लहान मुलांच्या टाइप-१ डायबेटिसमध्ये टेप्लिझुमॅब नावाचं औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याने आजार पुढं ढकलला जातो, अभ्यासात साधारण दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे कमी वाटेल, पण ज्या आईला रोज पोराला सुई टोचावी लागते तिला विचारा.

आता तोपर्यंत काय, हे जास्त महत्त्वाचं.

किडनीच्या गाळण्या सुजलेल्या असतील तर औषधाने सूज उतरते, पण एकदा तिथं व्रण पडून ती जागा कडक झाली की ती गाळणी गेली, तिला परत आणणारं औषध जगात नाही, कार-टी पण नाही. कार-टी अँटीबॉडी बनणं थांबवते, मेलेली किडनी जिवंत करत नाही. म्हणून आज गोळ्या बंद करून नव्या उपचाराची वाट बघणं म्हणजे तो उपचार आल्यावर त्याच्या उपयोगाचं काही शिल्लकच न ठेवणं. माझ्याकडं अशी एक मुलगी येते, गोळ्या सोडून वर्षभर कुठलं तरी चूर्ण घेतलं, आली तेव्हा पाय सुजलेले आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, सातच्या वर, ल्युपस तिचा आता शांत आहे पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येते.

तोंड सुजलंय ते प्रेडनिसोलोनने, म्हणजे स्टिरॉइडने. ते डोस कमी झाला की उतरतं, मी कितीतरी मुलींचे जुने फोटो आणि नंतरचे चेहरे बघितलेत. पण ते एकदम थांबवायचं नाही, शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवायची सवय तेव्हा झोपलेली असते, अचानक सोडलं तर बीपी पडून जीवावर येतं. डॉक्टरांना सरळ विचारा की स्टिरॉइड खाली आणायचा प्लॅन काय आहे, आजकाल आम्ही पूर्वीपेक्षा लवकर खाली आणतो आणि मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडच्या छोट्या डोसवर भार टाकतो, ही जुनी औषधं आहेत, बऱ्यापैकी परवडणारी आहेत आणि काम करतात. केस ल्युपसनेच जास्त गळतात, आजार आवरला की बहुतेकांचे परत येतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र वर्षानुवर्षं चालू ठेवायची, वजनाच्या हिशोबाने, किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळ्यांचा पडदा डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यायचा. १९५० च्या दशकात ल्युपस झालेल्यांपैकी पाच वर्षांनी निम्मेच जिवंत असायचे, आज नव्वद टक्क्यांच्या वर असतात, ते ह्याच कंटाळवाण्या गोळ्यांमुळं आणि वेळेवरच्या तपासण्यांमुळं.

तपासणी म्हणजे सगळ्यात स्वस्त ती लघवीची. सकाळची पहिली लघवी, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून घ्या, फक्त "प्रोटीन प्लस" एवढ्यावर समाधान मानू नका. रेशो ०.५ च्या खाली आला की आमचा जीव भांड्यात पडतो. घरी बघायचं तर लघवीला साबणासारखा फेस येतो का, तो थोड्या वेळाने बसतो का तसाच राहतो, आणि सकाळी डोळ्यांखाली, संध्याकाळी घोट्यावर सूज दाबून बघायची. भाताच्या लावणीला तिला शेतात उभी करू नका, ढगाळ असलं तरी, ऊन ल्युपसला भडकवतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावर टॉवेल, सनस्क्रीन.

एक गोष्ट आपल्याकडं फार होते म्हणून बोलतेच. लग्न ठरलं की गोळ्या बंद. सासरी कळू नये म्हणून आईच पोरीला सांगते की चार महिने घेऊ नको, मग बघू. ह्या चार महिन्यांत किडनी जाते हो. आजार लपवू नका, मुलाकडच्यांना घेऊन या, मी स्वतः बसून समजावते, आजवर समजावल्यावर सगळेच मागं फिरलेत असं अजिबात नाही. मूल होऊ शकतं, पण आजार किमान सहा महिने शांत असला पाहिजे आणि मायकोफेनोलेट आधी बदलून घ्यायचं, त्याने बाळात व्यंग येतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणात पण चालू राहते.

दुसरी गोष्ट, पुड्या. बाजाराच्या दिवशी "सगळ्या सांध्यांवर एकच पुडी" म्हणून जे देतात, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड आणि पेनकिलर कुटून घातलेलं असतं, दोन दिवसात हलकं वाटतं ते त्याचमुळं. ल्युपसच्या किडनीला पेनकिलर विष आहे. आणि तिसरी, स्टेम सेलची दुकानं. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणं ठराविक रक्ताच्या वगैरे आजारांतल्या बोन मॅरोच्या उपचाराशिवाय स्टेम सेल हा अजून संशोधनाचा विषय आहे, मंजूर ट्रायलच्या बाहेर पैसे घेऊन देणं हे गैर आहे, मग तिथली रिसेप्शन कितीही चकाचक असू दे.

ट्रायल म्हणाल तर खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत, उलट ट्रायलमुळं काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, २०१९ च्या नियमांत ते लिहिलेलं आहे. भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्टरवर नोंदवलेली असते, कुणालाही फुकट बघता येते, तुमच्या डॉक्टरांसोबत बसून "ल्युपस" टाकून शोधा. आणि संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मागायचा तुमचा हक्क आहे. आपल्या भागात इंग्रजी नाहीतर कन्नड फॉर्म पुढं करतात, आणि घरात कन्नड बोलता येत असलं तरी वाचता सगळ्यांना येतंच असं नाही, तेव्हा लाजू नका, मराठीतला मागा, मिळेपर्यंत सही करू नका.

पैशाचं थोडक्यात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड असेल तर ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांना उपयोग होतो, महाराष्ट्राने पण २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली, तुमचं गाव त्यात आहे का ते चौकशी करून घ्या. पण महिन्याच्या गोळ्या अशा योजनांत सहसा बसत नाहीत, त्यासाठी जनऔषधी दुकान बघा आणि नवीन ब्रँडवर जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणि आता कामाचं. एक फाइल करा. त्यात किडनी बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, मूळ रिपोर्ट, त्यावर क्लास म्हणजे किडनीच्या आजाराचा प्रकार लिहिलेला असतो तो दिसेल असा, पहिल्यापासूनचे लघवी रेशो आणि क्रिएटिनिन तारखेप्रमाणं, सी३, सी४ आणि डीएस-डीएनए ह्या ल्युपसच्या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट, कुठलं औषध कधी सुरू झालं आणि का बदललं त्याचा एक कागद, न्यूमोनियाची वगैरे कुठली लस घेतली त्याची नोंद. बायोप्सी झालीच नसेल तर पुढच्या भेटीत तो विषय काढा. पुण्याला गेलात, बेंगळुरूला गेलात, उद्या कुठल्या ट्रायलला नाव द्यायचं झालं, तर पहिल्यांदा हेच कागद मागतात, आणि माझ्याकडं येणार असाल तरी येताना हीच फाइल आणि सकाळची लघवी घेऊन या.